कॉइल एकच, आकडे दोन

वायरलेस चार्जिंगचा रिसीव्हर, म्हणजे फोनमधला वीज घेणारा भाग, बनवताना सगळ्यांचं लक्ष चिपकडे असतं. कॉइल विकत आणायची, डेटाशीटवर छापलेला इंडक्टन्स रेझोनन्सच्या सूत्रात घालायचा आणि सोबतच्या कपॅसिटरचं मूल्य काढून मोकळं व्हायचं. छापलेला आकडा खोटा नसतो हो, पण तो टेबलावर एकट्या पडलेल्या कॉइलचा असतो. फोनमध्ये तिच्या पाठीला फेराइट (चुंबकीय क्षेत्राला वाट देणारा सिरॅमिक पदार्थ), त्यामागे बॅटरी, आणि चार्जिंग चालू असताना समोर ट्रान्समीटरचा, म्हणजे चार्जिंग पॅडचा, फेराइट. फेराइट जवळ आला की इंडक्टन्स वाढतो. बॅटरीच्या धातूत एडी करंट, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरू लागले की तो घटतो, आणि कॉइलचा रोधही वाढतो.

म्हणून क्यूआय (Qi) या वायरलेस चार्जिंगच्या मानकात एकाच कॉइलचे दोन इंडक्टन्स धरतात. एल-एस म्हणजे ट्रान्समीटर दूर असतानाचा, एल-एस-डॅश म्हणजे तो समोर असतानाचा. दुसऱ्यासाठी खरा ट्रान्समीटर लागत नाही. ५० बाय ५० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर जाडीचा फेराइटचा तुकडा घ्यायचा, ३.४ मिलिमीटर अंतर ठेवायचं आणि १ व्होल्ट आरएमएस, १०० किलोहर्ट्झवर मोजायचं. दोन्ही वेळा कॉइल फोनच्या जोडणीत हवी, बॅटरी आणि मागच्या झाकणासकट. हा भाग लोक हमखास गाळतात.

आता आकडे बघा. समजा एल-एस ११ मायक्रोहेन्री आला आणि डॅशवाला १५. कॉइलशी सिरीजमध्ये जोडलेल्या कपॅसिटरचा रेझोनन्स १०० किलोहर्ट्झला हवा, आणि तो डॅशवाल्यावरून काढायचा: सुमारे १६९ नॅनोफॅरॅड. त्याऐवजी ११ धरलेत तर उत्तर २३० येईल, आणि पॅडवर ठेवल्यावर रेझोनन्स ८६ किलोहर्ट्झपाशी घसरेल. चार्जिंग कदाचित होईलही. फोन पॅडवर जरा सरकला किंवा भार वाढला, की व्होल्टेज पुरेनासं होतं. मग दोष चिपच्या माथी! समांतर कपॅसिटर मात्र १ मेगाहर्ट्झसाठी असतो, आणि त्यात एल-एस आणि आधीचा सिरीज कपॅसिटर असे दोन्ही लागतात. इथे तो साधारण २.३ नॅनोफॅरॅड निघतो.

आता मोजायला मीटर कोणता, हा प्रश्न येतो. १०० किलोहर्ट्झवर मोजणारा एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणारा), चार तारांची जोडणी, आणि प्रोब जोडून आधी ओपन-शॉर्ट करेक्शन, म्हणजे प्रोबची टोकं एकदा मोकळी आणि एकदा जुळवून मीटरला त्यांचा वाटा वजा करायला लावणं. एवढ्या छोट्या इंडक्टन्समध्ये प्रोबच्या तारांचाही वाटा मिसळतो. फक्त १ किलोहर्ट्झवर चालणारा स्वस्त मीटर इथे उपयोगाचा नाही, कारण एडी करंटचा परिणाम त्याला नीट दिसतच नाही.

एलसीआर मीटर नसला तर सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप पुरतो. १०० नॅनोफॅरॅडचा सीझीरोजी (C0G, मूल्य स्थिर राहणाऱ्या) जातीचा कपॅसिटर कॉइलला जोडा, फ्रिक्वेन्सी बदलत न्या आणि व्होल्टेजचं शिखर कुठे येतं ते बघा. ११ मायक्रोहेन्रीला ते १५२ किलोहर्ट्झजवळ येईल, आणि फेराइट समोर धरलात की १३० कडे सरकेल. मला तर ही पद्धत जास्त आवडते. मीटरचा आकडा बघण्यापेक्षा ते शिखर सरकताना बघितलं की विषय डोक्यात बसतो.

एक मात्र राहतंच. काही ट्रान्समीटरांत फोन नीट बसावा म्हणून चुंबक असतं. कॉइलमागचा पातळ फेराइट त्यामुळे संपृक्त होऊ शकतो, म्हणजे आणखी चुंबकीय क्षेत्र पेलू शकत नाही, आणि इंडक्टन्स खाली येतो. तेव्हा मोजणी चुंबक ठेवूनही करा. फरक मोठा निघाला तर जाड फेराइट मागावा लागेल, आणि मग फोनच्या जाडीवर पहारा देणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांशी तुमची वादावादी सुरू होईल.