कुठे शोधायचं नाही?

[दृश्य: धावती सायकल. व्हिडिओ थांबतो, एक फ्रेम पुढे सरकतो.]

सायकल किंचित पुढे गेली. आपल्याला ते लगेच दिसलं. संगणकापुढे मात्र आकड्यांचे दोन तक्ते आहेत: लागोपाठच्या दोन फ्रेम, म्हणजे दोन चित्रं, आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, उजेड आकड्यात. यातला कोणता आकडा कुठून आला, हे त्याला हुडकायचंय. व्हिडिओची फाइल लहान करायला हे लागतं, आणि चालत्या रोबोलाही.

सरळ उपाय असा: फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेमवर, चहूबाजूंना सात-सात पिक्सेलपर्यंत सरकवून ताडून पाहायचा. पिक्सेलमधून पिक्सेल वजा करायचा. फरकांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तिथून तो आला असं धरायचं. एका चौकोनाला २२५ जागा. फुल एचडी फ्रेममध्ये चौकोन ८,१६०. एका फ्रेमपायी सुमारे ४७ कोटी वजाबाक्या! आणि सेकंदाला अशा ३० फ्रेम.

[दृश्य: जाळीवर नऊ ठिपके, मग त्यातल्या एकाभोवती आणखी आठ.]

१९८१ मध्ये यावर तीन टप्प्यांचा शोध पुढे आला. आधी चार-चार पिक्सेलच्या अंतरावर नऊ जागा तपासा. त्यातल्या सरस जागेभोवती दोनच्या अंतरावर आठ, शेवटी एकच्या अंतरावर आठ. २२५ ऐवजी २५. यात एक गृहीत दडलंय: योग्य जागेकडे जाताना फरक कमी-कमी होत जातो. पट्टेरी शर्ट समोर आला की ते कोलमडतं. शोध भलत्याच पट्ट्यावर जाऊन बसतो.

माझ्या मते याहून चलाख युक्ती म्हणजे शेजाऱ्याला विचारणं. बाजूचा चौकोन जिकडे गेला, बहुधा हाही तिकडेच गेला असणार. मग शोध तिथूनच सुरू करायचा. बेरीज आधीच्या सर्वोत्तम आकड्यापुढे गेली, की उरलेली वजाबाकी सोडून द्यायची. या सोडून देण्यात अचूकता तसूभरही जात नाही.

व्हिडिओ लहान करायचा असेल, तर चुकलेला चौकोनही चालून जातो. फाइल थोडी मोठी होते, इतकंच. चालत्या रोबोला ते परवडत नाही.

[दृश्य: कोरी भिंत, मग खिडकीचा कोपरा.]

तिथे लुकास आणि कानाडे या संशोधकांची पद्धत उपयोगी पडते, तीही १९८१ चीच. ती जागा धुंडाळत बसत नाही. उजेडाच्या चढउतारावरून सरकणं थेट गणिताने काढते. हालचाल मोठी असेल, तर चित्र निम्मं-निम्मं करत न्यायचं: ३२ पिक्सेलची उडी पाच वेळा निम्मी केली की एका पिक्सेलची उरते. कोऱ्या भिंतीवर मात्र चढउतारच नाही. सरळ कडेवर कडेच्या लांबीच्या दिशेने झालेलं सरकणं कळत नाही. म्हणून आधी कोपरे निवडतात, आणि हे गणित फक्त त्यांच्याच मागे जातं.