पोटावर टाका नाही म्हणून

(पडद्यावर: द्राक्षबागेचा मांडव, खाली मान वर करून काम करणाऱ्या बायका)

तासगाव भागात एखाद्या बाईला विचारा की दवाखान्यात कधी जाणार, ती तारीख नाही सांगणार, छाटणी सांगेल. एप्रिलची खरड छाटणी उरकू दे, मग जाते. मग पाऊस, मग ऑक्टोबरची छाटणी, डिपिंग, विरळणी, मग माल निघायला लागला, बेदाणा टाकायचाय, आता कुठं जाऊ. आणि या सगळ्यात खोकताना लघवी गळणं, अंग खाली उतरणं, महिन्यातले कितीतरी दिवस अंगावरून जाणं हे वर्षानुवर्षं सुरूच असतं, पण घरात कुणाला पत्ता नसतो, कारण धुणं तीच धुते.

ज्या आक्कांसोबत आम्ही हा व्हिडिओ केला त्यांचं नाव आणि गाव सांगणार नाही, तसं त्यांच्याशी ठरलंय. वय पन्नाशीच्या आतलं, तीन बाळंतपणं, घरी दोन गाई, थोडी बाग. त्या म्हणतात, "शिंक येणार असं वाटलं की मी पयलं भिंत धरती आन पाय आवळती." बचत गटाच्या मिटिंगला त्या सतरंजीवर बसायच्याच नाहीत, दारात उंबऱ्याजवळ बसायच्या, म्हणजे उठून जाता येतं. हळदीकुंकवाला जाणं बंद. सांगलीला एसटीनं जायचं असेल तर सकाळपासून पाण्याचा घोट नाही. गटातल्या बायकांना वाटायचं आक्कांना शिष्टपणा आलाय. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पाणी तोडणं हा तर जवळपास सगळ्याच बायकांचा उपाय आहे आणि त्यानं उलट होतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, मूत्राशय चिडतो आणि मग सारखी लागल्यासारखी वाटते, वर बद्धकोष्ठ होतं, ते कुंथून कुंथून खालचे स्नायू अजून ढिले पडतात.

आक्कांचं निदान दोन गोष्टींचं होतं आणि ते वेगवेगळं समजून घ्यायला पाहिजे. एक, गर्भाशय, म्हणजे आपण पिशवी म्हणतो ती, खाली उतरली होती, बसताना बाहेर लागायची. दुसरं, मूत्रमार्गाला खालून जो आधार असतो तो गेला होता. खोकला, शिंक, हसणं, वैरणीचा भारा उचलणं, यात पोटात दाब वाढतो आणि त्या दाबात मूत्रमार्ग आवळून धरता येत नाही, मग थेंब थेंब, कधी धारच. खूप बायकांना वाटतं की पिशवी काढली की लघवी गळायची आपोआप थांबेल. तसं नाहीये. पिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा उपाय नाही. म्हणून आक्कांच्या एकाच ऑपरेशनमध्ये दोन कामं झाली, पिशवी खालूनच काढली, आणि मूत्रमार्गाच्या खाली एक पट्टी बसवली.

ही पट्टी साधारण 1 सेंटिमीटर रुंद असते, पॉलीप्रॉपिलीनच्या धाग्याची बारीक जाळी. आंब्याच्या झाडाला साडीची झोळी बांधतो तशी ती मूत्रमार्गाच्या मधल्या भागाखाली सैल ठेवतात, आवळून बांधत नाहीत, आणि खोकला आला की मूत्रमार्ग तिच्यावर टेकतो, बंद होतो. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 मध्ये ही पद्धत मांडली, त्यात पट्टीची टोकं ओटीपोटाच्या खालून काढायची. 2001 मध्ये फ्रान्सच्या देलोर्म यांनी ती टोकं जांघेतून काढायची पद्धत आणली, आक्कांना तीच केली. म्हणजे जांघेत दोन्हीकडं अगदी बारीक चिरा, आणि पोटावर काहीच नाही.

आणि आमचं म्हणणं सगळं इथंच येऊन थांबतं, की पोटावर काहीच नाही.

(पडद्यावर: मिरजेचा गजबजलेला चौक, रिपोर्टच्या पिशव्या घेतलेली माणसं)

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट येतात, ऑपरेशन इथं नवीन नाही. नवीन असतं ते बाईला, पहिल्यांदाच. पाठीत इंजेक्शन, कमरेखाली बधिर, आत कापसाचा बोळा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलेला, बाजूला युरीन बॅग लटकलेली. आक्कांना सगळ्यात जास्त लाज त्या बॅगेची वाटली, भेटायला आलेल्या दिरापासून ती पदराखाली झाकत होत्या.

खरी परीक्षा कॅथेटर काढल्यावर. पट्टी टाकल्यावर लगेच लघवी होईलच असं नसतं, आत सूज असते, आणि जी गोष्ट इतकी वर्षं नको तेव्हा व्हायची ती आता पाहिजे तेव्हा होत नाही. नर्सनं मापाचं भांडं दिलं, यात करा म्हणाली. आक्का बसून राहिल्या. नळ सोडला, पाण्याचा आवाज केला. थोडी झाली. मग सोनोग्राफीवर बघितलं तर आत अजून बरीच शिल्लक. म्हणजे पुन्हा कॅथेटर. आक्का रडल्या, त्यांना वाटलं ऑपरेशन बिघडलं. बिघडलेलं नव्हतं, काही बायकांना थोडे दिवस कॅथेटर घेऊनच घरी जावं लागतं, सूज उतरली की सुरळीत होतं, हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर ती रात्र इतकी वाईट गेली नसती. दुसऱ्या वेळी काढल्यावर झाली, धार बारीक, वेळ लागला, पण झाली. कुंथायचं नाही, पुढं थोडं वाकून बसायचं, एकदा झाल्यावर उठायची घाई न करता अजून एकदा प्रयत्न करायचा, असं फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं.

आता घर.

बघायला येणाऱ्या बायका आधी पोटाकडं बघायच्या. सिझेरियन झालेलीचा टाका दिसतो, अपेंडिक्सचा दिसतो, इथं काय दिसणार. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाला बाळंत होऊन आठव्या दिवशी रानात हुतो आमी." वाईट बाई नाहीत त्या, त्यांच्या काळात त्यांना कुणी आराम दिलाच नाही, मग आराम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक कसं असणार. पण दहाएक दिवसांत आक्का हिंडाफिरायला लागल्या, चेहरा बरा दिसायला लागला, आणि घरानं धरलं की झालं, बरी झाली.

आत काय चाललेलं असतं बघा. पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद केलेलं असतं. ते टाके विरघळणारे असतात, ते विरघळायच्या आत खालचं मांस जुळून आलं पाहिजे, त्याला आठवडे लागतात. पट्टीचंही तसंच, तिला कुठं खिळा मारलेला नसतो, आपल्याच शरीरातलं मांस तिच्या जाळीत वाढतं आणि ते तिला धरून ठेवतं. ते धरायच्या आत भरलेली घागर कमरेवर घेतली तर पट्टी सरकू शकते, आतला टाका उसवू शकतो. म्हणून डॉक्टर साधारण 6 आठवडे, काही 8 आठवडे जड उचलू नका म्हणतात, आणि हे बाळंतिणीच्या सव्वा महिन्यासारखं रीत म्हणून पाळायचं नाहीये, त्याच्यामागं हे कारण आहे. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो आणि वर घागरीचं वजन. शेणाची पाटी, दुधाचं कॅन, ओली धुणी भरलेली बादली, सिलेंडर, आणि अंगावर झेप घेणारं नातवंड, हे सगळं त्या जडमध्ये येतं. उकिडवं बसून धार काढणंही नको.

आक्कांच्या घरी धारेवरूनच अडलं. मालकांना धार काढता यायची नाही असं नाही, पण गाय त्यांना उभी करून घ्यायची नाही, लाथ मारायची. शेवटी थोरला मुलगा आक्कांची जुनी साडी खांद्यावर टाकून बसायचा, वासानं गाय गप्प राहायची. हे आम्ही शूट केलंय, तो लाजत होता, पण रोज दोन्ही वेळा त्यानं काढली. भाकरी मात्र कुणाला जमली नाही. कवठे महांकाळहून नणंद आली ती पंधरा दिवस राहिली आणि तिनंच सासूबाईंना समजावलं, सूनबाईनं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. भात खाऊ नको, टाक्यात पू होतो, हे घरोघरी सांगतात. भातानं पू होत नाही, जंतूंनी होतो. खायचं काय तर ज्यानं शौचाला कुंथायला लागणार नाही ते, पालेभाजी, पपई, मुगाची आमटी, भरपूर पाणी, आणि डॉक्टरनं दिलं असेल तर रात्री इसबगोल. कुंथण्याचा सगळा जोर थेट त्या आतल्या टाक्यांवर येतो. घरी देशी संडास होता, त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलमधून भाड्यानं आणली. आणि आराम म्हणजे चोवीस तास पडून राहणंही नाही बरं का, पायाच्या शिरांत रक्त गोठायची भीती असते, म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत थोडं थोडं चालायचं.

(पडद्यावर: उसाचा फड, पहाटेचा ट्रॅक्टर, मोळ्या)

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना दर हंगामात बीडकडून ऊसतोड करणारी जोडपी येतात. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्यात कित्येक कमी वयाच्या. यातल्या किती जणींना खरंच गरज होती हा प्रश्न तेव्हा गाजला, पण ऑपरेशननंतर काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. उचल घेतलेली असते, खाडा केला की पैसे कापतात, मग ज्या बाईला घागर उचलू नको म्हणायचं ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवर चढते. सहा आठवडे आराम हे शब्द तिला कुणी ऐकवलेत का? आपल्या शिवारात, आपल्या उसासाठी ती हे करते, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आक्कांना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल दिसलं, थोडंसं, आणि त्यासोबत धाग्याचा तुकडा. घाबरून गेल्या. ते टाके विरघळताना होतं, थोडं लालसर, तपकिरी जाणं काही आठवडे राहू शकतं. पण तासाभरात एक पॅड भिजत असेल, घाण वास येत असेल, ताप 100.4 च्या वर जात असेल, लघवी होतच नसेल किंवा उलट थांबतच नसेल, सारखी आपोआप गळत असेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, दम लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, शेजारणीला विचारत बसायचं नाही, गाडी काढायची.

नवरा-बायकोच्या संबंधाचं कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. निदान सहा ते आठ आठवडे नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी आतून तपासून हो म्हटल्यावरच. हे बाईनं एकटीनं नवऱ्याला सांगायचं नसतं, डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं तर तिचं ओझं उतरतं. आक्कांच्या मालकांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं.

पट्टीबद्दल भीतीही आहे आणि ती उगाच नाहीये. 2018 मध्ये इंग्लंडमध्ये योनीमार्गातून टाकायच्या जाळ्यांवर, या पट्टीसकट, स्थगिती आली, आणि 2019 मध्ये अमेरिकेनं अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून टाकायच्या जाळ्यांची विक्री थांबवली, लघवीच्या पट्टीला मात्र तिथं तो आदेश लागू नव्हता. थोड्या बायकांमध्ये पट्टी आतून उघडी पडते, दुखत राहतं, पांढरं किंवा लाल जात राहतं, लघवीला वारंवार इन्फेक्शन होतं, संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचतं. हे ऑपरेशननंतर काही वर्षांनीही होऊ शकतं. म्हणून कागद जपून ठेवायचे, कसली पट्टी टाकली ते लिहिलेलं कार्ड मागून घ्यायचं, आणि पुढं कुठल्याही डॉक्टरकडं गेलं तरी आपल्याला पट्टी आहे हे सांगायचं.

सहा आठवड्यांच्या तपासणीत आक्कांचे टाके चांगले जुळलेले निघाले. खोकताना गळणं बंद झालंय. पण एकदम घाईची लागते, मोरीपर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही, हे अजून आहे, आणि ते पट्टीनं जात नाही, तो मूत्राशयाच्या स्नायूचा वेगळा त्रास आहे. त्यासाठी चहा कमी करायला सांगितलाय, ठरलेल्या वेळेलाच जायचं आणि मधलं अंतर हळूहळू वाढवायचं, आणि खालचे स्नायू आवळून धरायचे, सोडायचे, तो व्यायाम रोज. फरक दिसायला महिने लागतील, गरज पडली तर गोळ्या आहेत.

ऑक्टोबर छाटणीला त्या यंदा फक्त मोजणीच्या वहीवर होत्या. आणि गटाच्या मिटिंगला सतरंजीवर बसून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मला काय होत होतं ते. त्यानंतर दोघीजणी मागाहून घरी आल्या. त्या दोघींसाठी आक्कांनी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांना विचारायचं लिहून दिलंय, जसंच्या तसं वाचून दाखवतो:

"पिशवी काढायलाच पाहिजे का, दुसरा उपाय हाय का. अंडाशय ठेवणार का काढणार, काढलं तर हाडांचं आन गरम वाफा येत्यात त्याचं काय. पट्टी कसली, कार्ड देणार का. नळी घिऊन घरी जावं लागंल का. आन आराम किती दिवस ते घरच्यांस्नी तुमीच सांगा, आमी सांगून ऐकत न्हाईत."