उतरता काठ

[दृश्य: पहाट. पाळीवरून दिसणारा तलाव, खाली धानाच्या बांध्या]

भंडारा-गोंदियाकडे याला मामा तलाव म्हणतात. इथं कुठल्या मामाचा संबंध नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्याच्या कितीतरी आधी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजानं ते बांधले.

पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पाहा; उताराच्या अंगाला आहे. वरच्या अंगाला काहीच नाही. जमीन आपली हळूहळू पाण्यात शिरते. ढोरं इथूनच उतरतात, बायका इथंच धुणं घेऊन येतात. निस्तार म्हणतात तो हाच, गावाचा पाण्यावरचा जुना हक्क.

[दृश्य: पानांवर चालणारा कमळपक्षी]

या गुडघाभर पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतं. कमळपक्षी पानावर पाय टाकतो, पान दबतं, तोवर तो पुढच्या पानावर. सारसालाही घरट्यासाठी असंच उथळ पाणी लागतं. पाणी एकदम चढलं की अंडी गेलीच.

ऑक्टोबरात पावसानं दगा दिला, की धानवाल्यांना पाणी आजच हवं असतं. ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, ते उन्हाळ्यापर्यंत हवं, नाहीतर मासोळीचं बीज टिकायचं कसं? दोघंही खरं बोलतात. जुन्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला, एकाखाली एक भोकं असायची. वरचं बूच काढलं की वरचंच पाणी जायचं, तळातलं राहायचं.

[दृश्य: गाळ काढलेला भाग, ताठ कापलेला काठ]

गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. बेशरमची झुडपंही मुळासकट उपटायला हवीत. पण इथं मशीननं काठच उभा कापला. पाणी वाढलं म्हणून कागदावर छान दिसत असेल; पण पाय टेकायला जागा उरली नाही, ना बगळ्याला, ना वासराला. गाळ मधून काढायचा आणि कडेचा उतार तसाच ठेवायचा, इतकं साधं काम होतं.

[दृश्य: म्हैस काठाशी येऊन थांबते]

ही म्हैस बघा. पुढचा पाय टाकते, माती सुटते, मागे घेते. पुन्हा टाकते. गुराखी तिला हाकत नाही. कळप वळवतो आणि तलावाला अर्धा वेढा घालून पलीकडच्या कोपऱ्यात नेतो. तिथं मशीन पोहोचली नव्हती.