सिक्स पॅक कुणाला, फोर पॅक कुणाला?

सकाळचे सहा वाजलेत. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा. ट्रॅकवर चालणारे काका-काकू, मधे क्रिकेटवाले, आणि कडेला मॅट टाकून क्रंचेस मारणारी पोरं. सेट संपला की टीशर्ट वर करून मोबाइलमधे बघायचं, सिक्स पॅक आले का? नाही आले.

खरं तर ते आहेतच, सगळ्यांना, तुमच्या त्या ट्रॅकवरच्या काकांना पण. बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारे स्नायूचे दोन लांब पट्टे असतात, रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस म्हणतात त्याला, आणि ताटात थापलेल्या वड्यांवर सुरी फिरवावी तशा त्यांच्यावर चिवट तंतूंच्या आडव्या रेघा असतात. बहुतेकांना एका बाजूला ३, काहींना २, काहींना ४. किती रेघा, कुठे, सरळ की तिरक्या, हे आईच्या पोटात असतानाच ठरून जातं, म्हणून कुणाचे ब्लॉक, म्हणजे रेघांमधल्या त्या वड्या, समोरासमोर बसतात आणि कुणाचे वर-खाली, आणि कितीही प्लँक मारा, कितीही भारी ट्रेनर लावा, ती रेघ जागची हलणार नाही.

अर्नोल्ड श्वार्झनेगरचे जुने फोटो झूम करून बघा. बॉडीबिल्डिंगमधे ७ वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेला माणूस, पण पोटावर ठळक दिसतात ते चारच. त्याचं काय अडलं?

मग व्यायामाने काय होतं? स्नायू जाड होतो, ब्लॉक फुगतात, मधल्या खाचा खोल दिसतात. पण त्यासाठी पोटाला पण बायसेप्ससारखंच हळूहळू वजन वाढवत दमवायला लागतं, लटकून पाय वर घेणं, केबल क्रंच, असलं काहीतरी. आणि वर चरबीचा थर असेल तर हे सगळं आतच राहतं. पुरुषांमधे साधारण १० ते १२ टक्के बॉडी फॅटच्या आसपास ब्लॉक नीट दिसायला लागतात. बायकांच्या शरीराला मुळात चरबी जास्त लागते, फारच खाली नेली तर पाळी बिघडते, त्यामुळे तो आकडा त्यांना लावूच नका.

आणि क्रंचेसने पोटाचीच चरबी जाते हा समज काही केल्या जात नाही. २०११ मधे छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांकडून ६ आठवडे पोटाचे व्यायाम करून घेतले, पोटावरची चरबी जशीच्या तशी, फक्त क्रंचेस जास्त मारता यायला लागले!

चरबी बसते कुठे यातही घराणं बोलतं. १९९० मधे संशोधक क्लॉड बुशार यांच्या टीमने कॅनडात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले ६ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या, असे ८४ दिवस. कुणाचं वजन ४ किलोच्या आसपास वाढलं तर कुणाचं १३, पण जुळे भाऊ एकमेकांसारखेच वाढले, आणि पोटाच्या आतल्या चरबीत तर हे साम्य फारच उठून दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून भारी आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२. २००४ मधे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आला. म्हणजे हातपाय काडीसारखे आणि शर्टाच्या आत ढेरी, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी दिसतो, त्याला फक्त वडापावला जबाबदार धरणं बरोबर नाही. (थोडं धरा.)

तालमीतला पैलवान घ्या. दंड-बैठका, जोर, कुस्ती, पोट दगडासारखं घट्ट, पण वर थर असल्यामुळे बघताना एक पण ब्लॉक दिसत नाही. ताकद आहे, फक्त दिसत नाही.

आणि इन्स्टावर दिसतं ते? स्पर्धेआधी कित्येक आठवडे मोजून खाणं, शेवटी पाणी-मीठ कमी-जास्त करणं, फोटोच्या आधी दोन सेट मारून स्नायू फुगवणं, वरून तिरका लाइट. त्यातली पाण्याची भानगड धोक्याची आहे, घरी करू नका. त्याच माणसाला सीझन संपल्यावर कॉलेज रोडला मिसळ खाताना गाठा, पोट बरंचसं आपल्यासारखंच दिसेल.