तक्रारीचे पहिले तीन महिने

12 मे 2023. गोवा विद्यापीठातल्या लैंगिक छळाच्या प्रकरणात आरोप झालेल्या अध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तक्रारी 2009 सालच्या. आरोप खोटे ठरले असे नाही. विद्यापीठाच्या चौकशी समितीने सुनावण्या घाईने उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, हे कारण होते. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. तक्रारदारांच्या वाट्याला चौदा वर्षांनी पुन्हा चौकशीच आली. म्हणून समिती आणि तिची पद्धत आधीच नीट तपासून घ्यावी.

कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. वरिष्ठ पदावरची स्त्री पीठासीन अधिकारी (म्हणजे समितीची प्रमुख), किमान दोन कर्मचारी, एक बाहेरचा सदस्य आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. अनेकदा फलकावर नावे असतात, पण बाहेरच्या सदस्याची जागा रिकामी असते किंवा मुदत उलटून गेलेली असते. अशा समितीची चौकशी अपिलात टिकवणे जड जाते. नेमणुकीचा आदेश पाहायला मागा.

कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकवर (तात्पुरत्या खानावळीवर) चार-सहाच माणसे असतात. तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. छळ करणारा खुद्द मालक असेल, तर आस्थापना कितीही मोठी असो, स्थानिक समितीकडेच जायचे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत लागलेली कामगार, हॉटेलातली शिकाऊ मुलगी, घरकाम करणारी बाई, या सगळ्यांना कायद्याचे संरक्षण आहे. कंपनीने ने-आण करायला दिलेली बससुद्धा कामाची जागाच.

तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. गोव्यात घोळ होतो तो इथे. पावसाळ्याच्या तोंडावर पर्यटनाचा हंगाम संपतो, करार संपतो, बाई गावी परतते आणि नोकरीच उरली नाही म्हणून गप्प बसते. पण नोकरी सुटली तरी तिला तक्रार करता येते. उशीर का झाला हे पटवून दिले, तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

अर्जाच्या सहा प्रती द्यायच्या. तारीख, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, साक्षीदारांची नावे-पत्ते. फोनवरचे संदेश पुसू नका; तारीख न दिसणाऱ्या स्क्रीनशॉटवर लगेच शंका घेतली जाते. लिहिता येत नसेल तर पीठासीन अधिकाऱ्याने तक्रार लिहून घ्यायला मदत करायलाच हवी. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

सात कामकाजी दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा कामकाजी दिवस. समितीपुढे वकील चालत नाही, दोघांचाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची. तोवर तक्रारदाराला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, आणि ही रजा नेहमीच्या रजेतून वजा होत नाही. ‘काही रक्कम घे आणि मिटव’ असे सांगितले जाते, पण समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैशांवर कधीच नाही.

शिफारशींवर मालकाने 60 दिवसांत कारवाई करायची. समितीच न नेमणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड. तोच गुन्हा पुन्हा केला तर शिक्षा दुप्पट, आणि धंद्याचा परवानाही रद्द होऊ शकतो.