कुळाचा रकाना

ही समोर तारेची जाळी दिसतेय ना, तिच्या पलीकडे गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ. आणि अलीकडे ही आमची आत्या, पंचाहत्तरी कधीच ओलांडलीय, मार्चचं ऊन नुसतं भाजतंय आणि ती जाळीतून बोट घालून दाखवतेय, "हांगाच आशिल्लें म्हजें भाट." इथेच होतं माझं भाट.

भाट म्हणजे काजूची बाग. पण बाग म्हटलं की आखून लावलेली झाडं डोळ्यासमोर येतात, तसं काही नव्हतं, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, उतारावर मिळेल तिथे उभी राहिलेली काजीची झाडं आणि प्रत्येकाला नाव. वाटेवरची काजी, धोंडीवरची काजी, आणि एक आळशी, कारण तिला सगळ्यात उशिरा मोहर यायचा. फेब्रुवारी ते मे सगळं घर वर मांगरात, बागेतल्या खोपटात, राहायला. सकाळी बोंडं गोळा करायची, पिळून बिया वेगळ्या, बोंडं तुडवून रस भट्टीला, आणि बिया विकून जे येईल त्यात पावसाळ्याचं तांदूळ, मुलांची पुस्तकं, सगळं. आत्याचे तळवे बघा, कॅमेरा जरा जवळ घेतो, हे काळे डाग चिकाचे, चीक लागला की कातडी सोलून निघते. भाट जाऊन दहा वर्षांच्या वर झाली, तरी ते डाग गेले नाहीत.

आता खरी गोष्ट. जमीन कागदावर भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. आत्याच्या सासऱ्यापासून कसतायत हेच लोक, वर्षाचा खंडही देत होते, पण पावत्या कोण घेतो हो, विश्वासावर चालायचं सगळं. गोव्यात 1964 चा कूळ कायदा आहे, 1976 ला तो बदलला आणि कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क आला, पण आधी तुम्ही कूळ आहात हे सिद्ध तर व्हायला पाहिजे. आणि आत्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या सातबारासारख्या गोव्यातल्या कागदावर, कुळाचा रकाना कोरा.

सरकारने जमीन घेतली ती 1894 च्या इंग्रजांच्या कायद्याखाली. त्यात असं होतं की मोबदला कोणाचा यावर वाद असेल तर पैसे कोर्टात जमा करायचे आणि जमीन मात्र ताब्यात घ्यायची. म्हणजे वाद मिटेपर्यंत पैसे थांबतात, बुलडोझर थांबत नाही. नवा कायदा 1 जानेवारी 2014 ला लागू झाला, त्यात कूळ, बटाईदार, शेतमजूर, तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेलं कुटुंब हे सगळे बाधित म्हणून धरले जातात, भरपाईवर वरची रक्कमही 30 टक्क्यांची 100 टक्के झाली. आमच्या आत्याला तो कायदा उशिरा आला, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिचे कष्ट काही 2014 नंतरचे नव्हते.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. 2016 ला विमानतळाची पायाभरणी, 2019 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण परवाना थांबवला तेव्हा पेडण्यात लोकांना वाटलं आता काहीतरी होईल, 2020 च्या जानेवारीत स्थगिती उठली, आणि 5 जानेवारी 2023 ला पहिलं विमान उतरलं. सड्यावरच्या धनगरांची घरं हलवली, मग धारगळकडून येणाऱ्या सहा पदरी रस्त्यासाठी आणखी शेतं गेली. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही, आमच्याच गावची पोरं तिथे ड्युटीला आहेत. पण सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं त्याला आता चाळीस वर्षं होत आली, ते लोक अजून मे महिन्यात पाणी उतरलं की आपल्या घराचे चिरे शोधायला जातात. हे माहीत असूनही आपण पुन्हा फक्त सर्व्हे नंबर मोजले, माणसं मोजलीच नाहीत.

जाळीच्या अलीकडे तीन काजी उरल्यात. त्यातली एक आळशी. आत्या तिच्याखाली बसून बोंडं वेचतेय, पदरात मावतील एवढीच.

पिशवीत तिचे कागद आहेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. सोमवारी मामलेदाराकडे तारीख आहे. शूटिंग आटपलं का विचारते आणि लगेच म्हणते, सोमवारी गाडी घेऊन ये, साडेनऊला, पहिल्या बसला फार गर्दी असते.