परात, मेणबत्ती आणि चाळीस सर-मॅडम

[परात, वरून. लाल पाणी. काडी ओढल्याचा आवाज.]

ही परात शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून मागून आणलीय. आत दोन बोटं पाणी आणि चिमूटभर कुंकू, कारण साधं पाणी कॅमेऱ्यात दिसतच नव्हतं. मधोमध मेणबत्ती, आणि आता तिच्यावर काचेचा ग्लास उपडा.

[ज्योत बारीक होते, विझते. पाणी ग्लासात चढतं. इथं पाच सेकंद काही बोलायचं नाही.]

पाणी का चढलं?

हे विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण. खोलीत चाळीसेक जण बसलेत आणि सगळे विज्ञान शिकवणारे, झेडपीचे, काही अनुदानित शाळांचे, कुणाची वीस वर्षं झालीत कुणाची चार. उत्तर एका दमात येतं, जवळजवळ कोरसमधे. ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा रिकामी झाली, तेवढं पाणी वर आलं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं. किती तरी गाईडमधे हेच आहे, यूट्यूबवर तर विचारूच नका, आणि खरं सांगायचं तर शूटिंगच्या आदल्या दिवसापर्यंत आम्हालाही हेच माहीत होतं.

सुलभक मॅडम, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या, बरोबर म्हणत नाहीत, चूकही म्हणत नाहीत. त्या फक्त म्हणतात, ग्लास तोच ठेवा, मेणबत्त्या तीन लावा. पण आधी वहीत लिहा, पाणी किती चढेल.

[वह्या. पेनं. एक सर शेजारच्याच्या वहीत डोकावतात.]

हा शॉट कट करू नका प्लीज. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस शेजारच्याची वही बघतोय, म्हणजे त्याला खरंच माहीत नाहीये, आणि अख्खं प्रशिक्षण खरं म्हणजे ह्या एका क्षणासाठी आहे. आता बघा, ग्लास तोच म्हणजे आतली हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मेणबत्त्या तीन असोत की तेरा, पाणी तेवढंच चढायला पाहिजे. बहुतेकांनी तसंच लिहिलंय.

[तीन मेणबत्त्या. ग्लास. पाणी आधीच्या स्केचपेनच्या खुणेच्या बरंच वर जातं.]

गेलं वर. चांगलंच वर गेलं.

मग पुढचा पाऊण तास जे झालं त्यातलं आम्ही जमेल तेवढं ठेवलंय. एक सर म्हणतात तीन मेणबत्त्यांनी जागा अडवली म्हणून पाणी जास्त दिसतंय, मग मेणबत्त्या न पेटवता ठेवून बघतात, पाणी हलत नाही. एक मॅडम म्हणतात मेणबत्त्यांची उंची सारखी नव्हती, मग ब्लेडने कापून सारख्या करतात. मागच्या बाकावरचे एक सर, सकाळपासून मोबाईलमधेच होते, ते उठतात आणि म्हणतात मी स्लो मोशनमधे घेतलंय, हे बघा.

[मोबाईलची स्क्रीन. ग्लासच्या काठाशी बुडबुडे.]

ग्लास ठेवल्या ठेवल्या काठातून बुडबुडे बाहेर पडतायत. म्हणजे हवा बाहेर चाललीय! आणि दुसरी गोष्ट, ज्योत जळत असताना पाणी फारसं चढतच नाही, खरी उडी घेतं ती ज्योत विझल्यावर. ऑक्सिजन जळतोय म्हणून पाणी चढत असेल तर जळताना चढायला नको का?

इथून पुढे त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. कुणी तरी आचारी मावशींकडून गरम पाणी आणलं, ग्लास त्यात बुडवून गरमागरम बाहेर काढला आणि लगेच परातीत उपडा ठेवला, आत मेणबत्ती नाही, ज्योत नाही, काहीच नाही.

[ग्लास. हळूहळू लाल पाणी वर सरकतं. मागून कुणाचा तरी "अरेच्या".]

हवा तापली की फुगते, थोडी निसटते. राहिलेली हवा गार झाली की आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, म्हणून पाणी जास्त. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोही जागा अडवतोच, आणि मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या पुष्कळ आधीच विझते. ते 21 टक्क्यांचं गणित कधी कधी योगायोगानं जुळतं इतकंच. हे सगळं सुलभक मॅडम पहिल्याच मिनिटाला सांगू शकल्या असत्या. एक सर वैतागून म्हणालेही, मॅडम उत्तर सांगा ना, जेवायची वेळ झाली. त्यांनी सांगितलं नाही.

[जेवणाची रांग. मागे टेबलाशी अजून चौघं जण.]

आपल्या बालभारतीच्या पुस्तकात "करून पहा" अशी चौकट असते, "जरा डोके चालवा" असतं, चौकटी चांगल्या आहेत. अडचण अशी की वर्गात "करून पहा"चं "वाचून पहा" होतं. कारण कृती आणि तिचा निष्कर्ष पुष्कळदा एकाच पानावर, मग साहित्य गोळा कोण करणार, पोरं खालच्या दोन ओळी पाठ करतात आणि विषय संपतो. ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरांनी स्वतः करून ज्ञान घडवायचं, हा शब्द आपल्याकडे आला, 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तर प्रत्येक प्रशिक्षणात आला, पण बऱ्याच शाळांत तो फरशीवर रंगवलेल्या गोलांपुरता राहिला. मास्तरला स्वतःला कधी अडकायलाच मिळालं नाही तर तो पोरांना कसं अडकू देणार?

[जुने फोटो दोन, हळू झूम. फुटेज नाहीये, फोटो ताणून वापरू.]

हे काही आजचं नाही. 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, आता त्याला नर्मदापुरम म्हणतात, 16 मिडल स्कूलमधे, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळांमधे, असंच काम सुरू झालं. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर अशा दोन संस्था, सोबत दिल्ली विद्यापीठाचे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ, जे सुट्टी काढून यायचे आणि गुरुजींबरोबर खाली बसून फुलं कापायचे. त्यांचं पुस्तक होतं बाल वैज्ञानिक, त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, आणि उत्तरं नव्हती! उत्तर पोरांनी करून वहीत लिहायचं, परीक्षेला पुस्तक आणि वही दोन्ही घेऊन बसायचं. गुरुजींसाठी उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, एकदा नाही, सहावी सातवी आठवी प्रत्येक इयत्तेचं वेगळं, आणि वर्षभर दर महिन्याला बैठक, की बाबा वर्गात काय फसलं ते सांगा. सवालीराम नावाचा एक काल्पनिक माणूस होता, पोरं त्याला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना खरोखर उत्तरं जायची. 1978 मधे अख्खा जिल्हा यात आला, 1982 मधे एकलव्य संस्था उभी राहिली आणि काम आणखी जिल्ह्यांत पसरलं. 2002 मधे राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.

आपल्याकडे 1974 मधे मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्या सुरुवातीच्या वर्षांतच ही मंडळी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला, आसपासच्या खेड्यातल्या शाळांत जाऊन पोचली. केंद्राचे संस्थापक-संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी तेव्हा लावून धरायचे की पोरांना विज्ञान जड जात नाही, पुस्तकातली भाषा जड जाते. आजची पुस्तकं चाळली की वाटतं सर अजून असायला हवे होते.

[हात. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे.]

तिसरा दिवस. व्हॉल्व्ह ट्यूबच्या बारीक तुकड्यात काड्या खोचायच्या. चौकोन करा, दाबा, तो लगेच तिरका होतो. त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. आता त्यांना खिडकीतून शाळेच्या पत्र्याच्या शेडचा सांगाडा बघायला सांगितलाय, त्यात काय दिसतं. ही काडी-ट्यूबची युक्तीही होशंगाबादचीच. अरविंद गुप्ता, पुण्याच्या टेल्कोतले (आताची टाटा मोटर्स) तरुण इंजिनियर, 1978 साली रजा काढून तिथे गेले आणि आठवडी बाजारात जे मिळतं त्यातून हे बनवलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण केंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायचा केवढा मोठा पसारा मांडला ते आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षकांना माहीत असेल, 2018 मधे पद्मश्री मिळाली. काडी-ट्यूबचा खर्च आजही चहापेक्षा कमीच येतो, त्यामुळे ग्रँट आली नाही हे कारण इथे चालत नाही. (हे वाक्य ठेवायचं का ते बघू, काही सर रागावतील. मला ठेवावंसं वाटतं.)

[फळा. खडूने लिहिलेले प्रश्न.]

चौथ्या दिवशी प्रयोग नाही, फक्त प्रश्न लिहायचे. मला वाटलं होतं हा भाग कंटाळवाणा होईल, झाला नाही. प्रत्येकाने पुस्तकातली एक कृती घ्यायची आणि तिचं उत्तर काढून टाकून पोरांपुढे ठेवता येईल असा प्रश्न करायचा. फळ्यावर आधी आहे, "बीज अंकुरणासाठी पाणी, हवा व योग्य तापमान लागते हे सिद्ध करा." ते खोडून एक मॅडम लिहितात, "मटकी फ्रीजमधे ठेवली तर मोड येतील का? पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली तर?" लगेच मागून आवाज, मॅडम उजेडाचं काय? उजेड लागतो का मोड यायला? वर्गातले निम्मे हो म्हणतात निम्मे नाही. त्यांना सांगितलं, आज रात्री घरी भिजत घाला, एक वाटी कपाटात ठेवा.

[दुसऱ्या दिवशी सकाळ. टेबलावर वाट्या. कपाटातल्या मटकीलाही मोड.]

त्यानंतर आम्ही एकाच शाळेत जाऊन शूट करू शकलो, सातवीचा वर्ग, 35 मिनिटांची तासिका, धडा अर्धाच झाला, आणि बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामामुळे त्या मॅडमचा पुढचा आठवडा वर्गाबाहेर गेला.

[वर्ग. पोरांचे चेहरे, दोन मिनिटं, फक्त मूळ आवाज. संगीत नको.]

[परत हॉल. शेवटचा दिवस, संध्याकाळ. खुर्च्या रचल्या जातायत.]

प्रमाणपत्रं वाटून झाली, ग्रुप फोटो झाला. आचारी मावशी दारात उभ्यात, त्यांना पराती परत पाहिजेत, उद्या खिचडी आहे. तरी टेबलाशी दोन सर अजून पाचवी मेणबत्ती बसवायच्या खटपटीत आहेत. मावशी म्हणतात, सर आता पुरे की. सर म्हणतात, मावशी एकच मिनिट, विझू द्या.

[ज्योत. ग्लास. कट.]